घरच्या मागावर केलेलं काम बायोडेटात लिहायचं कसं?

टॉवेलवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत, सगळं वडिलांच्या नावावर. मी बीकॉम करून पुण्यात एका कंपनीत बिलिंगला लागलो होतो, तेवढ्यात वडिलांची बायपास झाली म्हणून परत आलो, मग काकांच्या नवी पेठेतल्या कापड दुकानात माणूस नव्हता म्हणून तिकडं गल्ल्यावर बसलो, लॉकडाऊनमध्ये दुकान बंद झालं तेव्हा टेम्पो चालवला आणि आता परत मागावर. सूत आणण्यापासून कामगारांचा आठवड्याचा पगार, व्यापाऱ्यांकडची वसुली, जीएसटी, सगळं मीच बघायलोय. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आला नाही तर पाना घेऊन मीच बसतो.

आता चिंचोलीतल्या एका एक्स्पोर्ट युनिटमध्ये प्रॉडक्शनला जागा निघालीय. ते अनुभवाचं पत्र आणि सॅलरी स्लिप मागायलेत. घरात कोण कुणाला पगार देतं? लागेल तसे वडील पैसे देतात. वडिलांनीच लिहिलेलं पत्र चालतं का? आणि भाऊ अजून शिकतोय, अशात मी बाहेर पडणं बरोबर आहे का, हे पण मनात आहेच.

पुणेकर_मूळचा_सोलापूरचा
मी एचआरमध्येच आहे. पत्र चालतं, फर्मच्या लेटरहेडवर घ्या, मालक माझे वडील आहेत हे स्वतःहून सांगा आणि सोबत जीएसटी आणि उद्यमची (लघुउद्योग नोंदणीची) कागदं जोडा म्हणजे फर्म खरी आहे हे कळतं. स्लिपा आत्ता बसून मागच्या तारखेच्या बनवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. २० पेक्षा कमी कामगार असतील तर पीएफ सहसा लागू होत नाही, त्यामुळं पीएफचा रेकॉर्ड का नाही हे सरळ सांगता येतं. बँकेतून तुमच्या खात्यावर काही रक्कम आली असेल तर स्टेटमेंट दाखवा.

आणि हुद्दा काय लिहू म्हणून अडून बसू नका, काम लिहा. टेरी टॉवेलला दोन बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक जमिनीचा म्हणजे मूळ कापडाचा आणि एक वरच्या लूपचा, लूपच्या बीमचा ताण बिघडला की टॉवेलचं वजन बदलतं आणि एक्स्पोर्टचा माल तिथंच रिजेक्ट होतो. हे ज्याला हाताने कळतं तो माणूस त्यांना हवाच असतो, नुसत्या डिग्रीवाल्याला हे शिकवायला वेळ जातो. दुकान आणि टेम्पो पण लिहा, लपवू नका, गॅप दिसण्यापेक्षा ते कधीही चांगलं.

भवानीपेठ_काका
बाळा, माझे पण माग आहेत म्हणून वडिलांच्या बाजूचं सांगतो. जायच्या आधी बँकेत जाऊन बघ, सीसीच्या, म्हणजे धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या, कागदावर जामीनदार म्हणून तुझी सही आहे का. असली तर तू नोकरीला लागलास तरी जबाबदारी सुटत नाही, बँकेने मान्य केल्याशिवाय नाव निघत नाही. दुसरं म्हणजे एकट्याच्या नावावरची फर्म त्या माणसापुरतीच असते. उद्या काही झालं तर वारसाला नवीन जीएसटी नंबर घ्यावा लागतो आणि आधी भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून वळवावं लागतं. वडील धडधाकट आहेत तोवर भागीदारी करून घ्या, त्यात तुझं आणि धाकट्याचं नाव घाला, काम कुणी किती करायचं ते पण लिहून ठेवा. आमच्या घरात हे झालं नाही, भावाभावात बोलणं बंद झालं. जा म्हणतो मी, पण हे करून जा.

शिलाई_ताई
दादा तुमचं काम निदान मागावर दिसतं तरी. आमच्या घरी टॉवेलच्या कडा शिवणं, घड्या, पॅकिंग, कांड्या भरणं (धोट्यासाठी सूत गुंडाळणं), सगळं सासूबाई आणि मी करायचो आणि ते घरचंच म्हणून कुठंच धरलं जायचं नाही. मिस्टरांची तब्येत बिघडली तेव्हा मी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटमध्ये गेले, कागद काहीच नव्हता, मी म्हणलं मशीनवर बसवून बघा. बसवलं आणि त्याच दिवशी घेतलं. तुम्ही पण त्यांना मागासमोर उभं करून बघा म्हणा. आणि आई, वहिनी घरात काय काय करतात त्याचा पण पगार लावा आता, भागीदारी करताना त्यांचं नाव विसरू नका.

टॉवेलवाला_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वडिलांना सगळं वाचून दाखवलं. पत्र त्यांनी लगेच लिहून दिलं, वर म्हणाले कर्नाटकातल्या व्यापाऱ्याची अडकलेली वसुली तूच आणलीस, ते पण घाल. ताई, आई कांड्या भरते आणि हिशोबाची वही पण तीच ठेवते, भागीदारीत तिचं नाव पहिलं घालायचं ठरलंय. काका, सीसीवर माझी सही आहे हो. नाव काढायचं तर बदली जामीनदार म्हणून माझे दुकानवाले काका चालतील का, की बँक तारणच मागेल? सोमवारी मॅनेजरला भेटायला निघालोय, त्याआधी कुणाला अनुभव असेल तर सांगा.