गरजा बदलत गेल्या की इंटरफेस किती बदलू द्यावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या प्रणालीत ग्राहकाला सूचना पाठवणारे एक फंक्शन आहे. सुरुवातीला त्याच्या इंटरफेसमध्ये, म्हणजे बाहेरून ते वापरण्याच्या ठरलेल्या रीतीत, ग्राहक आणि मजकूर असे दोनच पॅरामीटर (बाहेरून द्यायच्या किमती) होते. पुढे ईमेलसोबत एसएमएसही हवा झाला, मग रात्री संदेश जाऊ नयेत अशी मागणी आली, त्यानंतर काही संदेश रात्रीही गेलेच पाहिजेत असे ठरले; आणि जुना कोड मोडू नये म्हणून आम्ही दर वेळी शेवटी एक ‘हो किंवा नाही’ स्वरूपाचा पॅरामीटर जोडत गेलो. आज असे चार पॅरामीटर झाले आहेत. ‘ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू’ असा कॉल दिसला की तो ज्याने लिहिला त्यालाही अर्थ लावण्यासाठी फंक्शन उघडावे लागते. इतर चार टीम हे फंक्शन वापरत असल्याने ते एका फटक्यात बदलता येत नाही. मूळ रचनाच चुकली होती का, आणि आता सुरुवात कुठून करावी?

उत्तर १

मूळ रचना त्या वेळच्या गरजेला पुरेशी होती, तिला दोष देऊ नये. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडले होते की मॉड्यूलची (प्रोग्रामच्या स्वतंत्र भागांची) विभागणी कामाच्या पायऱ्यांनुसार न करता, जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे त्यांनुसार करावी आणि असा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत दडवावा. तुमच्याकडे नेमके उलटे झाले आहे. रात्री संदेश पाठवायचा की नाही हा धोरणाचा निर्णय कॉल करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती गेला, त्यामुळे धोरण बदलले की चारही टीमचा कोड बदलावा लागतो. ऑर्डर रद्द करणाऱ्या कोडला ऑर्डर रद्द झाली एवढेच ठाऊक असते. त्याने तेवढेच कळवावे, आणि माध्यम कोणते व वेळ कोणती हे सूचनेच्या मॉड्यूलने ठरवावे.

उत्तर २

वरील मत मला पटते, पण काय बदलेल याचा अंदाज दर वेळी आधी बांधता येतोच असे नाही. लिनक्सचेच पाहा. तेथे फाइलचे नाव बदलणाऱ्या ‘रिनेमॅट’ (renameat) या सिस्टम कॉलला, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे (प्रणालीच्या गाभ्याकडे) करतो त्या विनंतीला, फ्लॅगसाठी (जादा पर्याय सांगणाऱ्या खुणांसाठी) जागाच नव्हती, म्हणून २०१४ मध्ये ‘रिनेमॅट२’ आणावा लागला. फाइल उघडणाऱ्या ‘ओपनॅट’ला (openat) फ्लॅग होते, परंतु अनोळखी फ्लॅग आला तरी तो मुकाट्याने दुर्लक्षित केला जात असे, परिणामी नवा फ्लॅग जोडला तरी समोरच्या कर्नलला तो समजला की नाही हे प्रोग्रामला कळत नसे. २०२० मध्ये आलेला ‘ओपनॅट२’ अनोळखी फ्लॅग थेट नाकारतो, आणि आपली माहिती एका स्ट्रक्चरमधून (अनेक फील्ड एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यातून), त्याच्या आकारासह घेतो, जेणेकरून पुढे त्यात नवी फील्ड जोडता येतील. नव्या फंक्शनला सुटे पॅरामीटर देण्याऐवजी असा एकच ऑब्जेक्ट द्या, आणि न समजलेले काहीही स्वीकारू नका. माझ्या मते यातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

उत्तर ३

जुने फंक्शन लगेच काढू नका. ते आतून नव्यालाच कॉल करील एवढे पातळ ठेवा आणि त्याचा प्रत्येक कॉल, कोणत्या टीमचा आहे यासह, लॉग करा (नोंदवून ठेवा). कारण लेखी इंटरफेसखेरीज एक अलिखितही असतो: लोक प्रत्यक्षात ज्या वागणुकीवर विसंबतात ती. आम्ही एकदा डेटाबेसचा इंडेक्स बदलला आणि यादीतील नोंदींचा क्रम बदलला. क्रमाची हमी आम्ही कधीच दिली नव्हती. तरीही एक टीम पहिली नोंद हीच सर्वांत ताजी असे धरून चालली होती, आणि त्यांचे अहवाल दोन दिवस चुकीचे निघत राहिले.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. उत्तर वाचून आज कोडमधले सर्व कॉल तपासले. तिसरा पॅरामीटर कोणीही कधी ‘ट्रू’ दिलेला नाही, आणि चौथा केवळ पासवर्ड बदलल्याच्या सूचनेसाठी वापरला जातो. म्हणजे तो पॅरामीटर नसून ती एक वेगळी घटनाच आहे. उद्या नव्या फंक्शनची सुरुवात त्या एका घटनेपासून करतो, आणि जुन्यात लॉग आजच घालतो.