मदत हवी आहे: तळ्यावर मासा लागल्याचं कळवणारं घरगुती बॉबिन कसं सुधारू?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा मालवण तालुक्यातला, गेली अकरा वर्षं इंग्लंडात लेस्टरला आहे. इकडे सामन आणि ट्राउट सोडले, तर गोड्या पाण्यातल्या बाकी माशांना ‘कोर्स’ मासे म्हणतात: रोच, ब्रीम, टेंच, कार्प, पर्च वगैरे. यातले बरेचसे आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातले. हे मासे सहसा कोणी घरी नेत नाही. गळ काढायचा आणि परत पाण्यात सोडायचे. माझा प्रश्न या सोडण्याशीच जोडलेला आहे.

गेल्या रविवारी जुन्या खडीच्या खाणीत झालेल्या एका तळ्यावर गेलो होतो. रॉड दोन टेकूंवर आडवा, दोऱ्याच्या टोकाला ३० ग्रॅमचा फीडर (आमिष भरायची वजनदार जाळीची नळी), गळाला मक्याचे दोन दाणे. मासा लागल्याचं कळावं म्हणून भांडी घासायच्या लिक्विडच्या बाटलीचं झाकण घेऊन मी बॉबिन केलं आहे. रीळ आणि रॉडची पहिली कडी यांच्यामध्ये ते दोऱ्यावर अडकवतो, म्हणजे तिथे दोऱ्याला वीतभर झोळ येतो. मासा ओढू लागला की झाकण वर चढतं.

पण त्या दिवशी नैर्ऋत्येकडून वारा होता आणि झाकण सकाळपासून नाचत होतं. कंटाळून मी ठरवलं की ते थेट रॉडला जाऊन टेकेल तेव्हाच हिसका द्यायचा. दुपारी झाकण हळूहळू खाली आलं आणि गवतात पडून राहिलं. मला वाटलं, वाऱ्याने दोरा सैल केला. पाच-सात मिनिटांनी सहज गुंडाळायला घेतलं, तर टेंच लागलेला! गळ पार घशात. डिसगॉर्जर (घशातला गळ काढायची काडी) आत पोचेना. शेवटी दोरा तोंडाशी कापला आणि त्याला पाण्यात धरून ठेवलं. दोन मिनिटांनी तो आपणहून गेला.

मुलगी माझ्यासोबत असते. ती नऊ वर्षांची आहे, तेरा वर्षांखालच्यांना इथे लायसन्स लागत नाही, म्हणून तिचाही छोटा रॉड असतो. तिने विचारलं, “बाबा, तो जगेल ना?” मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर तेच डोक्यात आहे.

लहानपणी आजोबांबरोबर कर्लीच्या खाडीत गरवायला जायचो. रॉड वगैरे काही नव्हतं, होडीतून तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) सोडायचा आणि तर्जनीवर धरून बसायचं. आजोबा सांगायचे, ओढ लागली तर कुणालाही कळतं, पण तंगूस एकाएकी हलका झाला तर मासा तुझ्याकडे येतोय, तेव्हा झोपू नको. रविवारी नेमकं तेच झालं आणि माझ्या झाकणाला ते सांगता आलं नाही. खरं तर त्याने सांगितलं, मलाच वाचता आलं नाही.

तर विचारायचं ते हे. बॉबिनला वजन किती द्यावं, म्हणजे मासा जवळ आला तरी ते स्पष्ट खाली येईल? आणि वाऱ्याचं काय करू? विकतचा अलार्म सुचवू नका, अशी विनंती. लेकीने हे स्वतःच्या हाताने करायचं ठरवलं आहे आणि मलाही तेच हवं आहे.

प्रतिसाद १

दादा, मी पुण्याचा. धरणाच्या पाण्यात मृगळासाठी बसतो. आम्ही रॉडच्या टोकाला चिमट्याने छोटी घंटी लावतो. वारा असला तरी माशाची घंटी वेगळी वाजते, थोड्या सवयीने ओळखू येते. स्वस्त आणि सोपं. बघा लावून.

प्रतिसाद २

घंटी ओढीला वाजते. दोरा सैल पडला तर ती गप्पच राहणार, आणि धागाकर्त्यांची अडचण तीच आहे. त्यांना बॉबिनच हवं.

तुमच्या झाकणाचं वजन दोन-तीन ग्रॅम असेल. तेवढ्याने लांबवर पडलेला ओला दोरा मागे खेचला जात नाही. मासा फीडर उचलून काठाकडे निघाला, की मधला दोरा पाण्यात नुसता झोळ खातो आणि झाकणापर्यंत निरोप उशिरा येतो. वजन वाढवा, पण अंदाजाने नको. तुमच्याकडे मोजमाप खिशात आहे: एक पेनीचं नाणं ३.५६ ग्रॅम, दोन पेन्सचं ७.१२ ग्रॅम. झाकणात एक पेनी घालून सुरुवात करा आणि एकेक वाढवत जा. टेंच-ब्रीमला दहा-बारा ग्रॅम खुपणार नाहीत. रोचसाठी मात्र हलकंच ठेवा, ओझं जाणवलं की तो दाणा थुंकतो.

दुसरं, बॉबिन कुठे लटकतं ते पाहा. रॉडपासून जमिनीपर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्ये हवं. तुम्ही वीतभर झोळ म्हणताय. टेकू बुटके असतील तर खाली जायला त्याला जागाच नाही, लगेच गवतावर टेकत असणार. टेकू उंच करा, खालचं गवत दाबून घ्या. वर जायला जेवढी वाट तेवढीच खाली यायला.

प्रतिसाद ३

काका, एक राहिलं. कोकणातल्या सवयीने शिशाची गोळी भरू नका हं. इंग्लंडात ०.०६ ते २८.३५ ग्रॅमच्या शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. हंस दाणे दळण्यासाठी खडे गिळतात, त्यात काठावर पडलेलं शिसंही गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. नाणी किंवा लोखंडी नट उत्तम.

प्रतिसाद ४

वाऱ्याबद्दल लिहितो, कारण नवा माणूस बॉबिनशी झगडत बसतो आणि खरा घोळ पुढे पाण्यावर असतो. रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंतचा दोरा वाऱ्यात धनुष्यासारखा फुगतो आणि तो बॉबिनला खेळवतो. रॉड आडवा नको, पुढे उतरता ठेवा, इतका की टोक चार बोटं पाण्याखाली जाईल. फीडर टाकून झाला की टोक बुडवून दोन-तीन वेळा भरभर गुंडाळा, म्हणजे दोरा पाण्याखाली जातो. तरी तरंगत असेल तर त्यावर तेलकटपणा आहे. त्याच भांड्यांच्या लिक्विडचा थेंब फडक्यावर घेऊन दोरा पुसा. माझं अर्धं नाचणं एवढ्याने थांबलं.

उरलेल्या अर्ध्यासाठी सळई. बॉबिन मोकळं लटकतं म्हणून झुलतं, त्याला उभ्या सळईवर चढवा. तीन मिलिमीटरची गुळगुळीत स्टीलची सळई, हातभर लांब, जमिनीत सरळ रोवलेली. बॉबिनसाठी वाइनच्या बाटलीचं बूच घ्या. त्याला उभं आरपार भोक पाडा आणि आत बॉलपेनची रिकामी नळी बसवा, नाहीतर ओलं बूच फुगून सळईला चिकटतं. दोरा अडकवायला बुचाच्या कडेला ब्लेडने चीर द्या. चीर फार खोल नको: हिसका दिला की दोरा आपोआप सुटला पाहिजे. इथले लोक याला ‘मंकी क्लाइंबर’ म्हणतात, माकड खांबावर चढतं तसं. दिवसातून दोनदा सळई कोरड्या कापडाने पुसा. चिखलाचा एक कण बसला तरी बूच मध्येच थांबतं आणि तुम्ही पुन्हा आंधळे.

प्रतिसाद ५

विकतचा नको म्हणालात, पण विजेचा घरी करता येतो. दोऱ्याखाली छोटं चाक, चाकात बारीक चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा छोटा स्विच), ९ व्होल्टची बॅटरी आणि बझर. चाक फिरलं की वाजतं, दोरा कुठल्याही दिशेने गेला तरी. इंग्लंडात विजेच्या पहिल्या अलार्मचं श्रेय रिचर्ड वॉकर यांना देतात, ज्यांनी १९५२ साली रेडमायरच्या तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला. पण आवाज आला तरी दिशा बॉबिनकडेच बघून कळते. त्यामुळे आधी बूच नीट करा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी करून पाहिलं, ते लिहितो.

बूच लेकीने कापलं, भोक मी पाडलं. पहिलं बूच चिरलं, दुसरं जमलं. तिने त्याला अर्धं लाल, अर्धं पिवळं रंगवलं. वजनाला खाली एक दोन पेन्सचं आणि एक पेनीचं नाणं टेपने गुंडाळलं, म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅम झाले. टेकू वीतभर उंच केले, रॉडचं टोक पाण्यात. वारा होता, रविवारइतकाच, पण बूच जागचं हललं नाही. इतका वेळ स्थिर बॉबिन मी पहिल्यांदा पाहिलं.

अकराच्या सुमारास लेक म्हणाली, “बाबा, खाली जातंय!” चार बोटं खाली आलं असेल. ताण येईपर्यंत भरभर गुंडाळून हिसका दिला. ब्रीम होता, दीड-दोन किलोचा. गळ वरच्या ओठात, बोटांनी निघाला. तिनेच ओल्या हातांनी धरून पाण्यात सोडला.

दोन गोष्टी अजून अडतात. दोरा चिरेतून दर वेळी सुटत नाही, एकदा बूच सळईसकट उपटून आलं. चिरेत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून बसवली तर चालेल का? आणि १६ जूनला नद्यांवरची मासेमारीची बंदी उठेल तेव्हा इथल्या सोअर नदीवर जायचं आहे. वाहत्या पाण्यात दोऱ्याला सतत ताण असणार, तिथे हे बूच वरच चिकटून बसेल असं वाटतं. तिथे तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद ४ वाले

रबरी नळी चालेल, पण सळई आधी दगडाने खोल ठोका, नुसती रोवू नका. नदीवर बूच घरी ठेवा. तिथे रॉड उभा तिरका लावून त्याच्या मऊ टोकाकडे बघायचं. टोक प्रवाहात थोडं वाकलेलं असतं. मासा प्रवाहाबरोबर खाली पळाला तर आणखी वाकतं आणि फीडर सुटून मासा तुमच्याकडे आला तर एकदम सरळ होतं. लेकीला सांगा, सरळ झालेल्या टोकाकडे जास्त लक्ष दे.