सेमिनरीतून थेट पाड्यावर: संदेश, घरभेटी आणि रिकामी बाकं

नवशिका_सेवक
सर्वांना सलाम. सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी घेतोय. त्यातलं क्षेत्रसेवेचं वर्ष नंदुरबारच्या नवापूर तालुक्यात आहे. सकाळी मुख्य गावात उपासना, दुपारी दोन पाडे. मंडळी (चर्चचे सभासद) घरात मावची ही आदिवासी बोली बोलते, मी अहिराणी पट्ट्यातला. ग्रीक, अर्थविवरण, ख्रिस्तशास्त्र सगळं झालंय. पण संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन, किती मिनिटांचा असावा, दुभाष्याबरोबर कसं बोलावं, घरभेटीला कधी जावं आणि तिथे नेमकं काय करावं, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला जाते म्हणतात, तेव्हा काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

तिफण
भो, आधी मिनिटांचा हिशोब घ्या. सावकाश बोललं तर 1200 शब्दांना 12 मिनिटं लागतात. दुभाषी असला की तेच 25 मिनिटांवर जातं. म्हणून 40 मिनिटांचा कागद पाड्यावर नेऊच नका.

दुभाष्याला शनिवारी संध्याकाळी शास्त्रभाग आणि मुद्दे द्या, दोघं मिळून एकदा मोठ्याने म्हणून बघा. एका वाक्यात एकच क्रियापद ठेवा. ‘जो’, ‘ज्याने’, ‘ज्यामुळे’ जोडत लांबवलेलं वाक्य दुभाषी अर्ध्यावर सोडतो आणि मग स्वतःचा संदेश देतो. त्याच्यावर रागावू नका, वाक्य तुमचं चुकलेलं असतं.

आता शब्द. आपण ‘तारण’ म्हणतो ते पापातून सुटकेला, पण ते म्हटलं की सोसायटीचं कर्ज घेतलेल्या माणसाला सोनंतारण आठवतं. मार्क 10:45 मधली ‘खंडणी’ तर आज पोलीस ठाण्याच्या बातमीतच भेटते. शब्द टाळायचा नाही, पण वाचल्याबरोबर लगेच उलगडा: गुलामाला सोडवण्यासाठी भरलेली किंमत. ‘देहधारण’, ‘नीतिमान ठरवणे’ यांनाही प्रत्येकी एक साधं वाक्य जोडा. मावची शब्द दुभाष्याकडून नको, एखाद्या आजीकडून तपासून घ्या. तरुण दुभाषी बऱ्याचदा मराठी शब्दच मावची हेल काढून म्हणतात!

मत्तय 13 मधला पेरणारा घेतलात तर शेतकरी पहिल्यांदा हेच विचारेल, की शहाणा माणूस वाटेवर बी टाकेल कशाला? आपल्याकडे कपाशी टोकून लावतात, ज्वारी तिफणीने पेरतात, दाणा सरीतच पडतो. तिकडे त्या काळी मुठीने बी फोकत, म्हणून थोडं वाटेवर, थोडं खडकावर जायचं. एवढं आधी सांगितलं नाही तर संपूर्ण दाखला ‘मूर्ख शेतकऱ्याची गोष्ट’ होऊन बसतो. ग्रीकचा खरा उपयोग अशा ठिकाणी, घरी तयारी करताना. व्यासपीठावर ग्रीक शब्द उच्चारायची गरज क्वचितच पडते.

आठवड्याचं म्हणाल तर मंगळवारी भाग ठरवा, गुरुवारपर्यंत संपूर्ण संदेश एका वाक्यात सांगता आला पाहिजे. नाही आला, तर भाग लहान करा. सोमवार सुटीचा. तो घरभेटींनी भरू देऊ नका.

सुईदोरा
घरभेटीबद्दल लिहिते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी घरी कुणी नसतं. संध्याकाळी 7 नंतर जा, पण चुलीवर भाकरी असताना बसून राहू नका. 20 मिनिटं पुरेत: विचारपूस, एक लहान स्तोत्र, 2 मिनिटांची प्रार्थना. बाई एकटी असेल तर ओटीवर, दार उघडं ठेवून, शक्यतो मंडळीतल्या वडिलांना (निवडलेल्या ज्येष्ठ पुढाऱ्याला) किंवा एखाद्या ताईला सोबत घेऊन. घरात ऐकलेलं दुसऱ्या घरच्या प्रार्थनेत ‘विनंती’ म्हणून मांडायचं नाही. चुगली अशीच पसरते.

आजाऱ्याच्या घरी सगळ्यात जास्त सावध राहा. टीबीच्या साध्या प्रकारात गोळ्या साधारण 6 महिने असतात. महिना-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, आणि ‘प्रभूने बरं केलं’ म्हणून गोळ्या बंद होतात. मग आजार उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आभाराची प्रार्थना करा, त्याच प्रार्थनेत गोळ्यांचं नावही घ्या.

दुसरं, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. अशा माणसाला निर्जळी उपास-प्रार्थना सांगू नका. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडं असह्य दुखतात. डोळे पिवळे दिसले की लोक कावीळ समजून झाडपाला देतात, तिथेही दिवस वाया जातात. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर आधी गाडी बघा, प्रार्थना गाडीत करा.

जुनी_वही
दोन कोरड्या गोष्टी. अर्पण दोघांनी मिळून त्याच दिवशी मोजायचं, वहीत दोघांच्या सह्या. विद्यार्थ्याच्या फोनपेवर मंडळीचा एक रुपयाही नको, रक्कम लहान असो की मोठी.

आणि लग्न लावायला उभे राहू नका. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली त्यासाठी अधिकार लागतो, सेमिनरीचं पत्र चालत नाही. कायद्यातली सर्वसाधारण वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 अशी आहे. आपल्याकडे वरात बॅन्डपुढे नाचत रेंगाळते, म्हणून पत्रिकेत सकाळी 11 ची वेळ टाकायला आधीच सांगा.

नवशिका_सेवक
ताई, दादा, आभारी आहे. उपास-प्रार्थनेचं तर लक्षातच आलं नसतं. ऊसतोडीचं राहिलं.

तिफण
हां, ते राहिलंच. जाण्याआधी, दिवाळीच्या आसपास, कुटुंबवार यादी करा: कोण, कुठल्या मुकादमाकडे, कुठल्या कारखान्याला, कोणाचा फोन, मागे म्हातारं माणूस कोण. बाप्तिस्म्याचे आणि प्रभुभोजनाच्या तयारीचे वर्ग नोव्हेंबर ते मार्च लावूच नका. ते उन्हाळ्यात, माणसं परतल्यावर घ्या.

गुजरातेत बारडोलीकडे पडावावर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तळावर, भेटायला जायचं तर रविवार धरून चालू नका. तोडीला सुटी नसते, भरणी वाहन येईल तशी, कधी रात्रीसुद्धा. आदल्या दिवशी फोन करून विचारा. गेल्यावर दोन गाणी, एक वचन, अर्धा तास पुरे, माणसं थकलेली असतात. मुलं सोबत असतील तर त्यांची शाळेची इयत्ता लिहून घ्या, परतल्यावर शाळेत बोलायला उपयोगी पडते. आणि मागे गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी त्या काळात दर आठवड्याला जा. पाणी भरलंय का, बीपीच्या गोळ्या आहेत का, तेही बघा.