मदत हवी आहे: पहिली ते चौथीच्या मुलांना हाताने करायची कोडी

नमस्कार मंडळी. परळला आमच्या चाळीतली दहा-बारा पोरं मी सुट्टीत दर रविवारी गोळा करते. जागा म्हणजे आमची बाहेरची खोली, खर्च जवळपास शून्य. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र दोनदा पाहून झालंय.

गेल्या रविवारी रद्दीच्या पेपरच्या सुरळ्या करून दोन स्टुलांमध्ये पूल बांधायला लावला. वर तांदळाचा डबा ठेवायचा. चौकोनी सांगाडा हात लावताच कलला. मग दुसरीतल्या एकीने, कोणी न सांगता, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एक सुरळी तिरकी चिकटवली आणि सांगाडा हलेना! चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही, हे मला सांगावंच लागलं नाही. (डबा शेवटी पडलाच. तासभर तांदूळ वेचत होते.)

आता अडचण. वाघ, शेळी आणि गवत नावेतून पलीकडे न्यायचं कोडं घातलं, तर चौथीतला एकजण लगेच ‘आधी शेळी!’ ओरडतो आणि धाकट्यांची मजा संपते. लहानमोठ्यांना एकत्र गुंतवणारं, शक्यतो हाताने मांडून सोडवायचं काही आहे का?

दुसरं, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांसारखे, काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या (बारीक रबरी नळीच्या) तुकड्यांनी जोडून आकार करायचेत. इथले सायकलवाले म्हणतात, ‘ताई, ती आता कोण वापरतं?’ दादर ते भायखळ्यादरम्यान कुठे मिळेल? नाहीतर तिच्याऐवजी काय चालेल? शरबताच्या नळ्या फार ढिल्या पडतात, करून पाहिलंय.