मदत हवी आहे: सौर पंपावर ठिबकला दाब नाही, ५ एचपी घ्यावा का?

सासवडजवळ २ एकर अंजीर, लागवड ५ × ५ मीटर, झाडाला ४ लिटरचे ४ ड्रिपर. विहीर १५ मीटर खोल, व्यास ६ मीटर, खाली काळा पाषाण. पंप सौर, ३ एचपी. सकाळी लवकर किंवा ढग आला की टोकाचे ड्रिपर कोरडे राहतात आणि दुपारी दीडला विहिरीचा तळ दिसतो. मोठा पंप घ्यावा की शेततळं करावं?

प्रतिसाद १

दादा, पंप अजिबात वाढवू नका. दाबाचं दुखणं वेगळं, पाण्याचं वेगळं.

ऊन मंदावलं की मोटरचे फेरे घटतात आणि हेड, म्हणजे पंप पाणी जेवढ्या उंचीपर्यंत ढकलू शकतो ती उंची, फेऱ्यांच्या वर्गाने पडतं. फेरे ७० टक्क्यांवर आले की हेड निम्मं. पाणी वर येतं, पण ठिबकला हवा तो १ किलो दाब, म्हणजे १० मीटर हेड, उरत नाही. दोन एकरांना तासाला साधारण ५,२०० लिटर लागतात. एकेका एकराचे दोन व्हॉल्व्ह करा, कोवळ्या उन्हात एकच उघडा. भर उन्हात दाब चढला तर बायपासने पाणी परत विहिरीत सोडा.

आता विहीर. पंप बंद करून दोरीने पातळी घ्या, तासाभराने पुन्हा घ्या. तुमच्या व्यासाला १० सेंमी चढ म्हणजे सुमारे २,८०० लिटर. पातळी वर येईल तशी आवक मंदावते, म्हणून तीन-चार वेळा मोजा. आवक एवढीच असेल तर दिवसाला ६७,००० लिटरच्या वर कुठलाच पंप देणार नाही. ५ एचपीने तळ फक्त लवकर दिसेल. वीजबिल नाही म्हणून उपसा दिवसभर चालू राहतो, खरा धोका तिथे आहे.

प्रतिसाद २

शेततळं विहिरीच्या पाण्याने उन्हाळ्यात भरू नका. २० × २० मीटर उघड्या पाण्यातून रोज ६ मिमी उडालं तरी २,४०० लिटर गेले, म्हणजे तुमच्या ३२० झाडांचं प्रत्येकी साडेसात लिटर. भरायचं तर पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्याने. ३ मीटर उंचीवर टाकी ठेवली तर दाब ०.३ किलो मिळतो. साधा ४ लिटरचा ड्रिपर तेव्हा २.२ लिटरच देतो, तेवढा वेळ वाढवा. दाब-नियंत्रित ड्रिपर एवढ्या दाबावर नीट चालत नाहीत.

धागाकर्ता

आवक मोजून आकडे टाकतो. दाबमापक कुठे लावू?

प्रतिसाद १

फिल्टरच्या आधी, फिल्टरनंतर आणि सर्वांत लांबच्या लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) टोकाला. फिल्टरवर फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की आधी बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा, मगच पंपाकडे बघा.