शब्दचर्चा: मेंदूतल्या पेशी वायू ‘सोडतात’ की ‘बनवतात’?

शहापूरकरीण: डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या घरच्यांसाठी मराठी पत्रक करतेय, कानडी मसुदा तयार आहे. अडलेलं वाक्य: ‘इजा झालेल्या मेंदूतल्या चेतापेशी (म्हणजे मज्जापेशी, न्यूरॉन) नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात.’ शेजारच्या आजींना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “म्हंजे अंगावरनं वारं गेलं म्हण की!”

निपाणीकर: आजींचं काय चुकलं? कानडीतही पक्षाघाताला पार्श्ववायूच म्हणतात.

शहापूरकरीण: काका, ते वारं वेगळं. हा वायू पेशी स्वतः करते.

रिटायर मास्तर: मग ‘सोडतात’ काढा. सोडायला आधी साठा लागतो. बाकीची बहुतेक चेतारसायनं, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे नेणारी रसायनं, पेशीत पिशव्यांत भरून ठेवलेली असतात, हा वायू म्हणजे तव्यावरची भाकरी, थेट ताटात. कॅल्शियम आत शिरलं की विकर (एन्झाइम) जागं होतं, आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तिथल्या तिथं वायू बनतो, पेशीच्या आवरणातून झिरपतो आणि काही सेकंदांत संपतो. मार बसला की ग्लुटामेट हे चेतारसायन बदाबदा सांडतं, कॅल्शियम लोटतं, वायू अति होतो. मग सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या तापट रूपाशी मिळून त्याचं पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल रसायन होतं, ते पेशीलाच खातं. एरवी वायू गुणी हो, रक्तवाहिन्या सैल करतो, 1998 चं वैद्यकाचं नोबेल त्याच कामाला मिळालं.

खानापूरकर: नायट्रिक ऑक्साइडला ‘नत्रप्राणिद’ का लिहीत नाही? मराठीला काय धाड भरलीय?

निपाणीकर: लिहा की. ‘प्राण’ दिसला की नातेवाईक विचारतील, मेंदूच प्राणवायू करतोय तर सिलिंडर कशाला लावलाय?

शहापूरकरीण: 😄 कानडीत चेतापेशीला ‘नरकोश’. दिरानं मराठीतही तसंच ठेवलं होतं. सासूबाई म्हणाल्या, मग बायकांच्या डोक्यात काय असतंय?

खानापूरकर: त्यांची ‘नर’ म्हणजे आपली नस. आपण तरी कुठं फरक करतो? रक्ताची ती नस, चढते तीही नस. आणि माझ्या मते ‘मेंदू’च कानडी ‘मिदुळु’वरनं आलाय.

रिटायर मास्तर: नुसत्या आवाजाच्या सारखेपणावरून? मग ‘मेद’ काय वाईट आहे?

निपाणीकर: मास्तर, तुमचं बरोबर आहे, खरं आमच्यात मेंदू कोण म्हणतंय, टाळकं म्हणतात.

पुण्यात मुक्काम: ‘खरं’ म्हणजे इथं ‘पण’ का? आमच्या ऑफिसात यावरून माझी रोज चेष्टा होते.

शहापूरकरीण: अहो, पत्रक उद्या छापायला जातंय. ‘बनवतात’ करू का?

खानापूरकर: ‘बनवतात’ हिंदी आहे. ‘करतात’ लिहा. आणि ‘खरं’चं म्हणाल तर येळ्ळूरला माझी आजी…