गाळ, पोयटा की मळी?

अनुवादिका: गंगेच्या मैदानावरचा एक हिंदी लेख मराठीत आणतेय. त्यात 'खादर' आणि 'भांगर' आहेत. खादर म्हणजे नदीलगतची, पुरात नवा थर बसणारी जमीन. भांगर म्हणजे पूर पोचत नाही ती उंचावरची, जुनी, चुनखडीचे कंकर असलेली. खादरला मी 'मळी' लिहिलं. माझ्या आजोळी, वाळव्याकडे, हाच शब्द. संपादकांनी खोडून 'नवीन गाळाची मृदा' केलं. म्हणाले, मळी साखर कारखान्यात असते. शब्द सोडू का?

मिरजकर: ताई, अजिबात सोडू नका. कृष्णाकाठची वांगी मळीतलीच. 2019 चा पूर ओसरला तेव्हा आमच्या रानात वीतभर गाळ होता. चार दिवसांच्या उन्हात वरचा थर तडकून पापडासारखा कडांनी वर वळला, खाली बोट घातलं तर लोण्यासारखा मऊ. याला 'मृदा' कोण म्हणतं? कारखान्यातली मळी आणि रानातली मळी, दोन्ही 'मळ'वरूनच आल्या असणार. मळाही त्यातलाच.

भूगोल_शिक्षक: मळा ओढून आणू नका, तो विहिरीच्या पाण्यावरही असतो. आणि 'माती'सुद्धा मृत्तिकेवरूनच आली, तेव्हा मृदेवर एवढा राग नको. मला 'पोयटा' हवा होता, पण तो इथे बसत नाही. पोयटा हा पोत आहे: वाळू, गाळाचे कण आणि चिकणमाती बेताने मिसळलेली. गाळाची जमीन म्हणजे पाण्याने वाहून आणलेली. ती रेताड असेल, चिकणही असेल. पालाश (पोटॅश) बहुधा बरा, नत्र आणि सेंद्रिय अंश कमी.

मिरजकर: सर, नर्सरीत पोयटा मागितला की लाल माती भरून देतात.

अकोलेकर: भाऊ, गाळ म्हटलं की सुपीक, हे सगळीकडे खरं नाही. आमच्या विदर्भातल्या पूर्णा नदीचं खोरं गाळाचंच, माती काळीभोर, पण खाली खारं पाणी. आम्ही त्याला खारपाणपट्टा म्हणतो. विहीर खोदूनही पिकाला देता येत नाही. 'मळी' वाचून आमच्या माणसाला काही कळणार नाही. खादरच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ सांगा.

तिसवाडी: गोव्यात खाडीच्या गाळाची जमीन म्हणजे खाजन. बांध घालून, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दाराने भरतीचं पाणी अडवून केलेली. तिथे कोरगूट भात होतं, खारेपणा सोसणारं. बांध फुटला की शेत गेलंच.

अनुवादिका: खाजन वेगळंच प्रकरण आहे, पण शब्द फार सुंदर. माझं खादर मात्र गोड्या पाण्याचं. मळीच ठेवावं असं अजून वाटतंय.

मिरजकर: तिसवाडीकर, ते कोरगूट गोड्या पाण्यावर येईल का? आमच्या मळीचा खालचा तुकडा उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालाय. सकाळी पांढरं मीठ फुललेलं दिसतं. वांगी तर सोडाच, गवतही धरत नाही. बियाणं कुठे मिळेल?